माळेतले छत्तीस मणी आणि माझी सही



मार्च महिना आपल्यासारख्या व्यापारी घरांत दोन वाटांनी येतो. गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात आणि आत जेवणाच्या टेबलावर फायलींचा ढीग वाढत असतो. गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी कुरडयांचा चीक शिजवत होते. धाकटा मुलगा घाईघाईने आत आला, चार कागद ओट्यावर ठेवले, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आई, इथे, इथे आणि मागच्या पानावर. बँकेत जायचंय."

गेली ३१ वर्षं मी अशीच सह्या करत आले आहे. आमच्या पाइप आणि मोटरपंपांच्या दुकानात मी भागीदार आहे, म्हणजे कागदावर. सासऱ्यांच्या मागे यांनी फर्म नव्याने केली तेव्हा वकिलांनी सुचवलं, वहिनींचं नाव घाला, कराच्या दृष्टीने बरं पडतं. घातलं. तेव्हापासून नफ्यातला वाटा माझ्या खात्यात जमा होतो, माझं रिटर्न भरलं जातं, आणि मी दुकानाची पायरी वर्षातून दोनदा चढते, अक्षय तृतीयेला आणि दिवाळीत वहीपूजनाला. वाचताना तुमच्यातल्या निम्म्याजणी मनात म्हणत असतील, आमच्याकडेही असंच आहे!

त्या दिवशी मात्र हात थांबला. कागद होता बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटचा आणि त्यावर शिल्लक माल लिहिला होता ४१ लाखांचा. दोनच दिवसांपूर्वी मी गोदामात जाऊन आले होते. मंदिराच्या पंक्तीची मोठी पातेली आमच्या गोदामाच्या माळ्यावर असतात, ती काढायला. रॅक बरेच मोकळे दिसले होते आणि मला वाटलं होतं, चला, यंदा विक्री चांगली झालेली दिसते. म्हणून सहज विचारलं, "अरे, एवढा माल आहे कुठे?"

"आई, तो वहीतला आकडा आहे. तू सही कर ना."

मी १९८२ साली बी.कॉम. झाले. त्या पदवीचा उपयोग आयुष्यभर दूधवाल्याचा हिशेब आणि भिशीची वही यांनाच झाला, हे कबूल करते. पण सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी मिळवायची, विकलेला माल वजा करायचा, की उरतो तो शेवटचा साठा, एवढं गणित काही विसरत नाही. वहीत माल आहे आणि गोदामात नाही, याचा अर्थ सरळ आहे. माल विकला गेला आहे आणि विक्री लिहिलेली नाही. मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "बँक उद्या. आधी दिवाणजींना माल मोजायला सांग."

मोजल्यावर माल निघाला ३० लाखांचा. ११ लाखांचा फरक.

हे कसं होतं ते सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळ दुकानांत ते होतं आणि आपल्याला ते कोणी सांगत नाही. शेतकरी पाइप घ्यायला येतो. पाइपवर १८ टक्के जीएसटी आहे. कंत्राटदाराला तो कर पुढे वजा करून घेता येतो, शेतकऱ्याला येत नाही. तो म्हणतो, "अण्णा, बिल नको, तेवढं कमी करा." समोरचा दुकानदार कमी करून देतोच, मग आपणही देतो. माल गेला, रोख आली, वहीत माल तसाच राहिला. वर्षभर हे साचत गेलं की कागदावर माल फुगतो. मग असा गिऱ्हाईक शोधायचा की ज्याला माल नको, फक्त बिल हवं. तसा एक कंत्राटदार तयार होता. ११ लाखांचं बिल, त्यावरचा १ लाख ९८ हजार कर तो देणार आणि वर दोन टक्के म्हणजे २२ हजार रुपये आपल्याला. त्याला कराची वजावट मिळणार, खर्चही दाखवता येणार. आपली वही आणि गोदाम जुळणार. ३१ मार्चच्या आत सगळं स्वच्छ! बँकेला तोवर फुगलेला आकडा द्यायचा, एवढाच काय तो प्रश्न, आणि तो माझ्या सहीने सुटणार होता.

माझा मुलगा वाईट नाही. आलू-कांदा खात नाही, रात्री जेवत नाही, दहा दिवस दशलक्षण पर्वात एकासन करतो. त्याची बाजूही मी नीट ऐकली. तो म्हणाला, "आई, कर तर सरकारकडे जातोच आहे ना, १ लाख ९८ हजार? शेतकरी बिल मागत नाही, मी जबरदस्तीने देऊ? दिलं तर तो समोर जातो. दुकानात चार माणसं आहेत, त्यांचे पगार कुठून काढू? आणि तो कंत्राटदार वर्षाला आपल्याकडून खरा मालही घेतो. त्याला नाही म्हटलं तर तेही गेलं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच मला रात्रभर विचार करावा लागला. सगळं उघड वाईट असतं तर निर्णय सोपा असतो. व्यापारातले प्रश्न असे येतात की प्रत्येक तुकडा बरोबर वाटतो आणि सगळे जोडले की चित्र चुकलेलं असतं.

कराचंच बघा. सरकारकडे १ लाख ९८ हजार गेले, पण कंत्राटदाराने तेवढेच आपल्या करातून वजा केले. शेतकऱ्याला विकलेल्या मालाचा कर शेवटी कोणीच भरला नाही. आणि कंत्राटदाराने न घेतलेल्या पाइपचे ११ लाख खर्चात धरले, ते वेगळेच. माल न देता बिल देणं हा जीएसटी कायद्यात गुन्हा आहे. त्याला दंड आहे आणि रक्कम मोठी असेल तर तुरुंगही.

पण कायद्यापेक्षा मला त्या रात्री एक बाई आठवत राहिली. जानेवारीत ती आमच्या घरी आली होती. घर दुकानाच्या मागेच आहे. पायरीवर बसली आणि म्हणाली, "वैनी, मोटर जळली बघा. दिवाळीच्या आधी नेलती. कंपनीवाले पावती मागत्यात." तिच्या नवऱ्याने पैसे कमी करून घेण्यासाठी पावती घेतली नव्हती. वॉरंटी होती, पण पावतीशिवाय कंपनी दाद देत नव्हती. विहिरीत पाणी आणि उसाला पाणी नाही. मी तिला चहा दिला, हळहळले, आणि ती गेल्यावर सूनबाईला म्हटलं, "पावती घ्यायला नको का यांनी! आपण तरी काय करणार." तेव्हा ते अगदी खरं वाटलं. मार्चमध्ये कळलं की तिने न घेतलेल्या पावतीतूनच दुसऱ्या कोणाला तरी बिल विकायची सोय झाली होती. तिची वॉरंटी आमच्या ११ लाखांच्या फरकात कुठेतरी बसलेली होती.

आणि त्या रोख पैशांचं काय झालं? यांनी एवढंच म्हटलं, "अगं, घरातच आले." दिवाळीत माझ्यासाठी पाटल्या केल्या होत्या, त्या रोखीने केल्या होत्या. मी तेव्हा विचारलं नव्हतं. बाईने सोनं आणलेलं बघून, पैसे कुठून आणले, असं विचारायची आपल्यात रीत नाही.

सकाळी जाप करायला बसले आणि माळ हातात तशीच राहिली. जपमाळेत १०८ मणी का, हे आपल्याला पाठशाळेत शिकवलेलं असतं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तो हिशेब आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदित हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशेआठ. पाप येण्याच्या १०८ वाटा, म्हणून १०८ मणी. मी कितीदा तरी हे मुलांना शिकवलं आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा भागाकार केला. स्वतः केलेलं ३६, दुसऱ्याकडून करवलेलं ३६, आणि दुसऱ्याने केलेल्याला नुसती संमती दिलेलं ३६. म्हणजे माळेतला दर तिसरा मणी अनुमोदनेचा आहे. दुकानात न जाणाऱ्या, तराजूला हात न लावणाऱ्या, बिल न फाडणाऱ्या बाईचेही ३६ मणी आहेतच.

आपण समजतो, धंदा पुरुषांचा, त्याचं पाप-पुण्य त्यांचं. आपण पाणी गाळून घेतो, भाजी निवडताना अळी बघतो, आपला धर्म स्वयंपाकघरात सुरक्षित आहे. शास्त्र असं मानत नाही. गंमत म्हणजे कायदाही मानत नाही! १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम २५ आम्हाला कॉलेजात पाठ होतं. फर्मच्या प्रत्येक कृत्याला प्रत्येक भागीदार इतरांबरोबर आणि एकटाही जबाबदार असतो. "मी तर घरात असते" ही सबब दोन्ही दरबारांत चालत नाही.

त्या त्रिकांतलं पहिलं त्रिक मला निर्णय घेण्याच्या दृष्टीने फार कामाचं वाटतं. संरंभ म्हणजे मनात ठरवणं, समारंभ म्हणजे त्याची साधनं जुळवणं आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष करणं. आपण जागे होतो ते तिसऱ्या पायरीवर, नोटीस आल्यावर. शास्त्र म्हणतं, पहिल्या पायरीपासूनच मोजलं जातं. आमच्या घरात संरंभ कधी झाला असेल? कोण्या एका दुपारी पहिल्या शेतकऱ्याला बिल न देता पाइप दिला तेव्हा. तेव्हा तो दोन-चार हजारांचा मामला होता आणि कोणी विचारलं असतं तर कोणालाही राग आला नसता. ११ लाखांवर विचारलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

मोठ्या घोटाळ्यांची कथाही अशीच असते. ७ जानेवारी २००९ ला हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी आपल्याच संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली होती. ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड आणि बँकशिल्लक मुळात नव्हतीच. त्यांनी लिहिलं होतं की सुरुवात झाली ती खरा नफा आणि वहीतला नफा यांच्यातल्या लहानशा फरकापासून. तो फरक वर्षानुवर्षं वाढत गेला आणि मग वाघाच्या पाठीवर बसल्यासारखं झालं, उतरावं कसं ते कळेना. आमचे ११ लाख आणि त्यांचे पाच हजार कोटी यांची बरोबरी मी करत नाही. पण फरक वाढण्याची रीत एकच आहे. आणि त्या ताळेबंदांवर वर्षानुवर्षं सह्या करणारे सगळे शिकलेले लोक होते.

आमच्या मंदिरात दुपारी महिला मंडळाचा स्वाध्याय असतो, तिथे रत्नकरंड श्रावकाचार वाचून झालेला आहे. अणुव्रतांचे अतिचार आपण घडाघडा म्हणतो. त्या आठवड्यात मी ते पुन्हा काढून वाचले, या वेळी फर्मची भागीदार म्हणून. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेख आहे, म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणं. माल न देता दिलेलं बिल याहून वेगळं काय आहे? फुगवलेलं स्टॉक स्टेटमेंट काय आहे? तिथेच न्यासापहार आहे, विश्वासाने ठेवलेली वस्तू दाबणं. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर सरकारचा असतो, तो आपल्याकडे ठेव म्हणूनच असतो. अचौर्याणुव्रतात कमी-जास्त मापं आहेत, चांगल्यात हलकं मिसळणं आहे, राज्याचे नियम चुकवून व्यवहार करणं आहे. अहिंसाणुव्रतात अतिभार लादणं आणि अन्नपाणी रोखणं आहे. ते आपण बैल-घोड्यांसाठी आहे म्हणून सोडून देतो. पण हमालाकडून दोन माणसांचं ओझं वाहून घेणं आणि कामगाराचा पगार वीस तारखेपर्यंत लांबवणं, याला दुसरा शब्द मला तरी सापडत नाही.

हे ग्रंथ लिहिणारे मुनी होते, त्यांनी दुकान चालवलं नव्हतं. तरी गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं मन कुठे कुठे घसरतं याची एवढी बारीक यादी त्यांनी करून ठेवली आहे. आपण ती पाठ करतो आणि पोथी बांधून ठेवतो.

आता आम्ही काय केलं ते सांगते. वही आणि गोदाम जुळवायचं, पण खऱ्या बाजूने, असं मी सुचवलं. आधी यांना ते पटलं नाही. "झाकलेलं उघडायचं कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "मी या कागदावर सही करणार नाही आणि भांडणारही नाही. तुम्ही दोघं ठरवा." हे बोलायला सोपं नव्हतं. यांच्या शब्दाबाहेर मी फारशी कधी गेलेले नाही. दुसऱ्या दिवशी दोघं सीएंकडे गेले. राहिलेला कर व्याजासकट स्वतःहून भरता येतो असं त्यांनी सांगितलं. न लिहिलेली विक्री लिहिली, कर आणि व्याज मिळून सव्वादोन लाखांच्या वर गेले, नफ्यावरचा आयकर निराळा. बँकेला ३० लाखांचं स्टेटमेंट गेलं. त्यामुळे उचल कमी झाली आणि दोन महिने फार ओढाताण झाली.

पैसे आणायचे कुठून, हा खरा प्रश्न होता. मैत्रिणींनो, आता जे सांगणार आहे ते सांगताना मला जरा जड जातंय. वैशाखात गावच्या मंदिराचा पंचकल्याणक महोत्सव होता. सासऱ्यांच्या नावाने एक सवाल घ्यायचा असं घरात ठरलं होतं आणि त्यासाठी अडीच लाख बाजूला ठेवले होते. भावकीत कळलेलंही होतं. ते पैसे कराला गेले. महोत्सवात सवाल सुरू झाले, माइकवरून नावं पुकारली जाऊ लागली तेव्हा आमच्याकडे माना वळल्या. आम्ही दोघं मांडवात बसून राहिलो. मागून एक बाई कुजबुजली, "धंदा बसला वाटतं." मी मागे वळून बघितलं नाही. पण ते शब्द टोचले, हे नाकारणार नाही.

तरी मला आज ठामपणे वाटतं की क्रम तोच बरोबर होता. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे ३५ गुण सांगितले आहेत. त्यात पहिला गुण कोणता? न्यायाने मिळवलेलं धन. पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात श्रावकधर्माला पात्र कोण ते सांगितलं आहे, तिथेही सुरुवात न्यायाने मिळवलेल्या धनानेच आहे. एक श्वेतांबर आचार्य, एक दिगंबर पंडित, पण पहिल्या पायरीबद्दल दोघांचं एकमत! दान, पूजा, तप यांची गोष्ट त्याच्यानंतर येते. आपण उलट करतो. पैसा कसा आला ते विचारत नाही, मंदिरात किती आला ते टाळ्या वाजवून मोजतो. मग घरातल्या पोराला वाटणारच, की वर्षभर थोडं इकडे-तिकडे झालं तरी एका सवालात सगळं धुऊन निघतं. आजारी माणसाने पथ्य न पाळता नुसतं औषध वाढवत जावं, तसं हे आहे.

दान देऊ नये असं मी म्हणत नाही. आपल्या समाजाने दानातून बोर्डिंगं उभी केली, धर्मशाळा, पांजरपोळ चालवले, त्याचा मला अभिमान आहे. पण माइकवरून आकडा पुकारताना आपण नकळत व्यापाऱ्यांवर एक दबाव टाकत असतो, याचा विचार मंदिराच्या पंचांनी आणि त्याहून जास्त आपण बायकांनी करायला हवा. कोणाच्या सवालाची चर्चा हळदी-कुंकवाच्या वेळी कोण करतं? आपणच.

"सगळेच करतात" हे मी खूप ऐकलं. दुसरंही एक ऐकलं, जे आपल्यातच ऐकायला मिळतं. एक नातेवाईक म्हणाले, "अहो, अनेकांत आहे ना आपल्याकडे! त्याच्या दृष्टीने तेही बरोबर." अनेकांताचा असा उपयोग केलेला मला आवडत नाही. मुलाची बाजू, शेतकऱ्याची बाजू, पगाराची काळजी हे सगळं ऐकून घ्यायला अनेकांत शिकवतो. म्हणूनच त्या रात्री मी त्याला "चोर" म्हटलं नाही. पण गोदामात पाइप आहेत की नाहीत, याला दोन बाजू नसतात.

दशलक्षणात उत्तम आर्जवाचा दिवस येतो तेव्हा प्रवचनात सांगतात, मनात, बोलण्यात आणि करण्यात एकच असावं. व्यापारी घरासाठी मी त्याचा अर्थ असा लावते, वहीत, गोदामात आणि तोंडात एकच असावं. तिन्ही जुळली की फार आठवावं लागत नाही, कोणाला काय सांगितलं होतं ते.

आता सही करायच्या आधी मी चार गोष्टी विचारते. आवाज चढवायचा नाही, वकिली करायची नाही, शिकणाऱ्यासारखं विचारायचं.

१. या कागदात लिहिलेली वस्तू खरोखर आहे का, आणि असली तर कुठे आहे?

२. यात जो पैसा वाचतो आहे, तो कोणाच्या ताटातून येतो आहे? सरकार हे उत्तर आलं तर तिथेच थांबू नये. त्याच्या पलीकडे एखादी मोटर जळलेली बाई निघते.

३. आज रात्री प्रतिक्रमणात याची क्षमा मागावी लागणार आहे का? मागावी लागणार असेल तर सकाळी करायचं कशाला?

४. आत्ताच सही का हवी? उद्या का चालणार नाही? माझा अनुभव असा की सरळ कागदाला एक दिवस थांबवलं तर तो थांबतो. वाकडा कागदच घाई करतो.

सुनांनाही हे सांगा. हल्लीच्या मुली शिकलेल्या आहेत, त्यांच्या नावावर फर्म आहेत, कंपन्या आहेत, कर्जं आहेत. त्यांना सहीची जागा दाखवण्याआधी कागद दाखवा. आमच्याकडे आता महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट सूनबाई आणि दिवाणजी मिळून करतात. ती आधी मोजते, मग लिहिते.

पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. धर्माने वागलो आणि धंदा दुप्पट झाला, अशी गोष्ट मला सांगता आली असती तर किती बरं झालं असतं! तसं झालेलं नाही. तो कंत्राटदार गेला, त्याने बिल दुसरीकडून घेतलं असावं. सगळ्यांना बिल द्यायला लागल्यावर काही शेतकरी समोरच्या दुकानात गेले आणि वर्षाची विक्री कमी झाली. मुलगा आता गिऱ्हाइकाला सांगतो की पावती असेल तर मोटरची वॉरंटी मिळवून द्यायला मी स्वतः कंपनीशी भांडेन. काहींना पटतं, काहींना नाही. त्याला अजूनही अधूनमधून वाटतं की आईने जरा जास्तच ताणलं. वाटू दे. चार माणसांपैकी एकालाही कामावरून काढलेलं नाही, ही त्याचीच मेहनत आहे आणि ते मी त्याला बोलून दाखवते.

जानेवारीतल्या त्या बाईची मोटर तिने तोवर कर्ज काढून रीवाइंडिंग करून घेतली होती. आम्ही खर्च विचारला, सहा हजार. यांनी स्वतः तिच्या वस्तीवर जाऊन दिले. ती घेत नव्हती, "तुमची काय चूक अण्णा," म्हणत होती. घरी येऊन यांनी मला हे सांगितलं आणि बराच वेळ झोपाळ्यावर गप्प बसून राहिले.

पाटल्या मी मोडल्या नाहीत. सणाला घालते. जपाला बसले की मनगटावर सरकतात, माळेला लागून बारीक आवाज करतात, आणि मी अनुमोदनेच्या मण्यांवर जरा जास्त थांबते.

जय जिनेंद्र.